टेनिस शिकवताना पायांकडे बघा: फूटवर्क आणि तोलाचा सराव

चेंडू जाळीत गेला की बहुतेक कोच मनगटाबद्दल बोलतात, पकडीबद्दल बोलतात, रॅकेट खालून वर आली नाही असं सांगतात. मी आधी विचारते, "चेंडू रॅकेटला लागला तेव्हा तुझा उजवा पाय कुठे होता?" खेळाडूला सांगता येत नाही. त्या क्षणी त्याचं सगळं लक्ष चेंडूवर असतं आणि ते तिथेच असायला हवं. पण कोचलाही सांगता आलं नाही तर मात्र शिकवणं अंदाजपंचे चाललंय असं समजा. चेंडू कुठे पडला हे खेळाडूला दिसतंच. त्याला दिसत नाहीत ते त्याचेच पाय, आणि ते बघायला तुम्ही तिथे उभे आहात.

नवा खेळाडू आला की पहिल्या सत्रात मी चेंडू दुसऱ्या कुणाला तरी टाकायला लावते. स्वतः बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेच्या, ओळीत, डबल्सच्या बाजूच्या रेषेबाहेर उभी राहते. तिथून तो पुढे झुकतोय की मागे रेलतोय ते कळतं. मग त्याच्या पाठीमागे कुंपणापाशी जाते, तिथून डावी-उजवीकडचं कलणं दिसतं. फोनवर चित्रण करायचं असेल तर फोन गुडघ्याच्या उंचीवर ठेवा. डोक्याच्या उंचीवरून काढलेल्या व्हिडिओत टाच टेकली होती की उचललेली होती, हे ओळखता येत नाही आणि नेमकं तेच हवं असतं.

बघायच्या गोष्टी तीन. समोरचा फटका मारतो त्या क्षणी याचे पाय काय करताहेत? चेंडूपाशी पोचताना शेवटची पावलं लांब पडताहेत की आखूड? आणि फटका मारून झाल्यावर याचं डोकं कुठे गेलं? एवढं कळलं तरी पुढचा महिनाभर काय शिकवायचं ते ठरवता येतं. (पुढे सगळीकडे मी उजव्या हाताने खेळणारा खेळाडू धरला आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट करून घ्यावी.)

उभं राहणं

पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे वाकलेले, भार चवड्यांवर. टाचा जमिनीपासून उंच उचलायच्या नाहीत, फक्त हलक्या ठेवायच्या. मुलांना "चवड्यांवर उभे राहा" म्हटलं की ती टाचा वर करून ताठ उभी राहतात, पोटऱ्या घट्ट होतात आणि तोल आणखी बिघडतो. त्यापेक्षा "टाचेखालून कागद सरकवता आला पाहिजे" असं सांगितलेलं त्यांना पटकन कळतं.

दुसरी नेहमी दिसणारी चूक म्हणजे गुडघ्यांऐवजी कमरेतून वाकणं. पाठ आडवी होते, छाती पायाच्या बोटांच्या पुढे जाते, डोकं खाली येतं. लांबून बघितलं तर खेळाडू खाली बसल्यासारखा वाटतो, पण त्याचे पाय सरळच असतात. ओळखायची सोपी रीत आहे: खेळाडूला तयारीत उभं करा आणि त्याला कल्पना देऊन खांद्याला हलका धक्का द्या, आधी समोरून, मग बाजूने, मग मागून. कमरेतून वाकलेला खेळाडू मागून दिलेल्या बोटभर धक्क्यानेही पाऊल पुढे टाकतो. गुडघ्यांतून बसलेला जागचा हलत नाही. पायांतलं अंतर किती हवं याचंही उत्तर याच धक्क्यात सापडतं. कुणाला जास्त लागतं, कुणाला कमी. उंच मुलांना बहुतेकदा त्यांना वाटतं त्याहून रुंद उभं राहावं लागतं.

या उभं राहण्यावर फार वेळ घालवू नका. ही स्थिती टिकवून ठेवायची नसतेच, तिच्यातून निघायचं असतं.

स्प्लिट स्टेप

मला एकच गोष्ट शिकवायची मुभा मिळाली तर मी हीच शिकवीन. समोरचा खेळाडू चेंडू मारायच्या बेतात असताना आपण दोन्ही पायांवर छोटीशी उडी घेतो आणि त्याच्या फटक्याच्या सुमाराला खाली उतरतो. उतरताना घोटे आणि गुडघे किंचित वाकतात, पोटरी-मांडीचे स्नायू ताणले जातात. ताणलेला स्नायू लगेच आकसला की तो जास्त जोर देतो. त्या जोरावर पहिलं पाऊल निघतं. ज्याच्या टाचा जमिनीला चिकटलेल्या आहेत त्याला आधी खाली बसावं लागतं आणि मग निघावं लागतं. थांबलेली गाडी ढकलताना पहिला धक्काच सगळ्यात जड जातो, तसं त्याचं प्रत्येक चेंडूला होतं. वरच्या पातळीवर ताशी २०० किलोमीटरची सर्व्हिस परतवायला साधारण अर्धा ते पाऊण सेकंद मिळतो. त्यातला एक भाग आधी खाली बसण्यात गेला तर फटक्यासाठी काय उरणार?

उडी फार छोटी असते. पायांखालून एखादी पातळ वही सरकेल, बस्स. उंच उडी मारणारी मुलं उत्साही दिसतात, पण चेंडू निघाला तेव्हा ती हवेतच असतात. हवेत असलेल्याला कुठेच जाता येत नाही.

खरा प्रश्न वेळेचा आहे. समोरच्याची रॅकेट मागून पुढे यायला लागली की आपले पाय जमीन सोडतात, आणि चेंडू तिच्यावरून निघाला की आपण उतरतो. बहुतेक शिकाऊ खेळाडू उशीर करतात: चेंडू आपल्या बाजूला आल्यावर, कधी कधी तर टप्पा पडल्यावर उडी मारतात. ती उडी निव्वळ सवयीची असते, तिचा उपयोग शून्य. नजरेने वेळ पकडता येत नसेल तर कान वापरा. समोरच्या रॅकेटचा आवाज आणि आपल्या खेळाडूचे बूट टेकल्याचा आवाज जवळजवळ एकत्र आला पाहिजे. मी मुलांना उतरताना मोठ्याने "हं" म्हणायला लावते. मग कोर्टच्या कुठल्याही कोपऱ्यातून मला कळतं कोणाचा "हं" मागे पडतोय.

चांगल्या खेळाडूंचे पाय संथ गतीच्या चित्रणात बघा. दोन्ही पाय एकाच वेळी टेकत नाहीत. चेंडू उजवीकडे येतोय हे उडीतच लक्षात येतं, डावा पाय आधी टेकतो आणि उजवा पाय हवेतच बाहेरच्या दिशेला वळलेला असतो. हे मुद्दाम शिकवायच्या फंदात मी पडत नाही. वेळ जमली आणि नजर समोरच्या रॅकेटवर राहिली की हे आपोआप येतं. आधीच सांगितलं तर मुलं पायांचा हिशेब करत बसतात.

सराव तीन सांगते, याच क्रमाने घ्या.

पहिला चेंडूशिवाय. तुम्ही जाळीपाशी रॅकेट घेऊन उभे राहा आणि फोरहँड (उजव्या बाजूचा फटका) मारल्याचा आविर्भाव करा. खेळाडू बेसलाइनवर स्प्लिट करतो. फटक्याच्या क्षणी तुम्ही मोकळ्या हाताने दिशा दाखवा, त्याने त्या बाजूला दोन पावलं टाकून परत यायचं. मधेच एखादा फटका अर्ध्यावर थांबवा. जो तुमच्या रॅकेटकडे बघत नाही आणि नुसत्या ठेक्यावर उड्या मारतोय, तो तिथे सापडतो.

दुसऱ्या सरावात तुमच्या दोन्ही हातांत एकेक चेंडू, हात खांद्याच्या उंचीवर बाजूला पसरलेले. खेळाडू तीन मीटरवर. तुम्ही "हो" म्हणता, तो स्प्लिट करतो, तुम्ही एकच चेंडू सोडता. दुसरा टप्पा पडायच्या आत तो पकडायचा. सोपं झालं की त्याला एक पाऊल मागे न्या. या खेळाचा मुलांना कंटाळा येत नाही. मोठी माणसं तर जास्तच चुरशीने खेळतात.

तिसरा जाळीकडे जाण्याचा. खेळाडू जाळीजवळ आखूड पडलेल्या चेंडूवर फटका मारून पुढे येतो आणि बरेच जण सर्व्हिस लाइनला (जाळी आणि बेसलाइनच्या मधली आडवी रेषा) पोचेपर्यंत धावत राहतात, कारण कुणीतरी "सर्व्हिस लाइनवर स्प्लिट कर" असं शिकवलेलं असतं. जागा ठरलेली नसते. समोरचा मारतो तेव्हा तुम्ही जिथे असाल तिथे स्प्लिट. हे शिकवताना मी परतीचा फटका मुद्दाम कधी लवकर मारते, कधी रेंगाळून, म्हणजे जागा दर वेळी वेगळी येते.

चेंडूपर्यंतची वाट

चेंडू दोन-तीन पावलांवर असेल तर बाजूने सरकत जा. लांब असेल तर कंबर त्या दिशेला वळवा, आतला पाय ओलांडून टाका आणि सरळ धावा. लांबच्या चेंडूकडेही बाजूबाजूने सरकत जाणारे खेळाडू खूप दिसतात. त्यांना वाटतं आपण तोल राखतोय, प्रत्यक्षात ते उशिरा पोचतात आणि मग हात लांबवून मारतात. धावताना खांदे वळलेले असू द्या, पण रॅकेट पूर्ण मागे ताणून धावायला सांगू नका. हात मोकळे असले की पाय वेगाने पडतात.

आता महत्त्वाचं. सुरुवातीची पावलं मोठी, शेवटची आखूड. चेंडूपासून शेवटच्या मीटर-दीड मीटरमध्ये पायांनी तीन-चार बारीक पावलं टाकायला हवीत. अंतर नेमकं किती ठेवायचं हे तिथे ठरतं. चेंडूचा टप्पा अंदाजाप्रमाणे पडत नाही, तो थोडा वर उठतो, थोडा मरतो, फिरकीने वळतो. ज्याचं शेवटचं पाऊल लांब पडलं त्याला मग काही बदलता येत नाही, कारण रोवलेला पाय उचलायला वेळ उरत नाही. मग तो फरक हाताने भरून काढतो, आणि आपण त्याच्या कोपराला दोष देत बसतो.

चांगला सामना कोर्टच्या जवळ बसून बघायला मिळाला तर काही वेळ डोळे मिटून नुसतं ऐका. हार्ड कोर्टवर, म्हणजे टणक पृष्ठभागाच्या कोर्टवर, बुटांचे बारीक आवाज फटक्याच्या अगदी आधी एकदम वाढतात. तुमच्या खेळाडूच्या कोर्टवर ते आवाज येतात का?

इथे एक सराव आहे ज्याकडे दुर्लक्ष होतं. आपण मुलांना सतत लांबच्या चेंडूकडे पळवतो. अंगावर आलेल्या चेंडूपासून बाजूला होणं तितकंच अवघड आहे आणि ते कुणी शिकवत नाही. बेसलाइनच्या मध्यावर खेळाडू उभा करा आणि चेंडू थेट त्याच्या पोटाच्या दिशेने टाका, मध्यम वेगाने, एकामागून एक. प्रत्येक चेंडूला त्याने बाजूला सरकून जागा करायची आणि फोरहँड मारायचा. पहिल्या फेरीत कोपर बरगड्यांना चिकटलेलं दिसेल. थोड्या वेळाने पाय आपले आपण शिकायला लागतात. स्टेफी ग्राफ बॅकहँडच्या, म्हणजे डाव्या, कोपऱ्यात वळसा घालून फोरहँड मारायची, नदालही तेच करायचा. त्या फटक्याची ताकद आपल्याला दिसते, पण आधीची मागे-बाजूला टाकलेली भराभर पावलं कुणी मोजत नाही.

पाय कसे रोवायचे

नवशिक्याला मी आधी पुढचा पाय जाळीकडे टाकून मारायला शिकवते. मागच्या पायावरून पुढच्या पायावर भार जातो हे त्याला शरीराने कळतं, समजावून सांगावं लागत नाही. पण तिथे अडकून राहत नाही. चेंडू बाजूला लांब आला किंवा वेगाने आला की पुढचा पाय टाकायला वेळ नसतो. तिथे ओपन स्टान्स लागतो: छाती जवळपास जाळीकडे, भार उजव्या पायावर, उजवा गुडघा वाकलेला आणि खांदे मात्र वळलेले. त्या उजव्या पायाची दोन कामं आहेत. तो फटक्याला जोर देतो आणि लगेच शरीराला कोर्टच्या मध्याकडे ढकलतो. लांबच्या फोरहँडला डावा पाय ओलांडून मारलं तर फटका होतो, पण परत फिरण्याआधी आणखी एक पाऊल बाहेर पडतं.

काही मुलं उपजतच ओपन स्टान्समध्ये मारतात. त्यांच्याशी भांडू नका. फक्त खांदे वळताहेत ना आणि भार खरंच बाहेरच्या पायावर येतोय ना, ते बघा. बाहेरचा गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेने वाकला पाहिजे, आत पडता कामा नये. गुडघा आत पडत असेल तर चेंडू थांबवा आणि काही दिवस एका पायावरची छोटी बैठक आरशासमोर करून घ्या. हे ताकदीचं काम आहे, सूचना देऊन सुटत नाही.

एकहाती बॅकहँडला मात्र पुढचा पाय लागतोच. तिथे उजवा खांदा चेंडूकडे न्यावा लागतो आणि ओपन स्टान्समधून ते फार थोड्यांना जमतं.

फटक्याच्या क्षणी

तोल म्हणजे न हलणं नव्हे. जोकोविच दोन्ही पाय फाकवून घसरत कोपऱ्यात पोचतो तेव्हा त्याचं शरीर वेगात असतं, तरी त्याचं डोकं आणि छाती पायांच्या मधोमध असते. भार पायांनी व्यापलेल्या जागेच्या वर आहे तोवर माणूस पडत नाही आणि रॅकेट ठरल्या वाटेने जाते. भार त्या जागेबाहेर गेला की हात फटका सोडून शरीर सावरायला धावतात.

त्यामुळे मी डोकं बघते. डोकं जड असतं आणि ते जिकडे जातं तिकडे बाकीचं शरीर जातं. फटका मारता मारता चेंडू कुठे गेला हे बघायला मान वर उचलली की डावा खांदा उघडतो आणि चेंडू फ्रेमला लागतो. फेडररची छायाचित्रं आठवा: चेंडू रॅकेटवरून निघालेला असतो आणि त्याची नजर अजून फटक्याच्या जागेवरच असते.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे मोकळा हात. फोरहँडला डावा हात शरीरासमोर आडवा जातो, एकहाती बॅकहँडला तो मागे राहून खांदा रोखून धरतो. ज्यांचा डावा हात खाली लोंबकळतो त्यांचं शरीर फटक्याबरोबर गोल फिरतं. चेंडू टाकताना मी कधी कधी खेळाडूला डाव्या हातात दुसरा चेंडू धरायला देते आणि फटका संपेपर्यंत तो छातीच्या उंचीखाली जाऊ द्यायचा नाही असं सांगते.

पुतळ्याचा सराव सगळ्यांनी करावा, अगदी स्पर्धा खेळणाऱ्यांनीही. फटका मारायचा आणि आपला चेंडू पलीकडे टप्पा पडेपर्यंत आहे त्या स्थितीत थांबायचं. ज्याला थांबता येत नाही, त्याने परत जाऊन तोच चेंडू पुन्हा मारायचा. कारण शोधताना मागे मागे जा: पुढे पडला, तर बहुतेक चेंडू फार लांब होता. मागे पडला, तर फार जवळ किंवा उशिरा. बाजूला पडला, तर शेवटची बारीक पावलं झाली नाहीत. माझ्याकडची एक मुलगी बॅकहँडला सतत मागे रेलायची आणि तिच्या मनगटावर खूप मेहनत झालेली होती. पुतळ्याच्या सरावात दिसलं की ती चेंडूच्या अगदी जवळ जाऊन उभी राहते. अंतर सुधारलं, मनगटाला हात लावावा लागला नाही.

सामन्यात पुतळा होऊन उभं राहायचं नसतं, हे मुलांना स्पष्ट सांगा. नाहीतर काही जण खरंच उभे राहतात.

परत कुठे यायचं

"मध्यावर ये" ही सूचना अर्धवट आहे. समोरच्याला जितके कोन उपलब्ध आहेत त्यांच्या मध्यावर यायचं असतं, आणि तो मध्य बेसलाइनच्या मधल्या खुणेवर असतोच असं नाही. उजव्या कोपऱ्यातून तिरका फटका मारलात, तर तुमची जागा खुणेच्या उजवीकडे पाऊल-दीड पाऊल. त्याच कोपऱ्यातून रेषेला समांतर मारलात, तर खूण ओलांडून डावीकडे जावं लागतं. सिंगल्सचं कोर्ट ८.२३ मीटर रुंद आहे. ते अंतर एका फटक्याच्या वेळात कापणं म्हणजे काय हे एकदा करून बघितलं की खेळाडूला कळतं, अडचणीत असताना तिरकं मारावं असं का सांगतात.

परतताना पहिलं पाऊल ओलांडून, मग सरकत, आणि छाती कायम जाळीकडे. पण यापेक्षा मोठी गोष्ट अशी: समोरचा मारतो तेव्हा तुम्ही धावत असता कामा नये. जागेवर पोचायला दोन पावलं कमी पडली तरी चालेल, तिथेच स्प्लिट करा. पोचायच्या हट्टाने धावत राहिलात तर तो तुमच्या पाठीमागे मारतो आणि तुम्हाला वळताही येत नाही. यासाठी माझा नियम सोपा आहे. मी एक चेंडू कोपऱ्यात टाकते, खेळाडू मारून परततो, आणि मी मारायला रॅकेट आणली तेव्हा त्याने स्प्लिट केला तरच दुसरा चेंडू मिळतो. स्प्लिट नाही, चेंडू नाही. ओरडावं लागत नाही, दोन-तीन वेळा चेंडू हुकला की पाय थांबायला शिकतात.

डोक्यावरचा चेंडू आणि सर्व्हिस

उंच चेंडूसाठी पाठीमागे उलटं धावायचं नाही. हा नियम मी कुणालाही मोडू देत नाही. टाच अडकते, माणूस पाठीवर पडतो, हात टेकायला जातो, मनगट मोडतं किंवा डोकं आपटतं. चेंडू वर गेला की उजवा पाय मागे टाकून आडवं व्हायचं आणि मग बाजूने सरकत किंवा पाय ओलांडत मागे जायचं. चेंडूशिवाय, नुसतं बोट वर दाखवून हे रोज करून घ्या. वयस्क खेळाडूंकडून तर नक्कीच.

सर्व्हिसला दोन पद्धती आहेत: पाय शेवटपर्यंत वेगळे ठेवायचे, किंवा मागचा पाय पुढच्यापाशी ओढायचा. शिकताना पहिली बरी, तोल सोपा जातो. मागचा पाय ओढणाऱ्यांचा पाय पुष्कळदा पुढच्या पायाच्याही पुढे येतो आणि रेषेवर पडतो. नियमाप्रमाणे रॅकेट चेंडूला लागेपर्यंत कोणताही पाय बेसलाइनला किंवा कोर्टला लागता कामा नये, चालत किंवा धावत जागा बदलता येत नाही. पाय किंचित हलले तर चालतं. मधल्या खुणेच्या मागे वाढवलेल्या काल्पनिक रेषेलाही पाय लागू द्यायचा नाही. सर्व्हिसचा तोल तपासायचा तर मारल्यावर कोर्टच्या आत डाव्या पायावर उतरून दोन अंक मोजेपर्यंत उभं राहायला सांगा. डावीकडे झोकांडी गेली तर आधी चेंडू वर कुठे फेकला ते बघा, पाय नंतर.

कोर्ट आणि बूट

मातीच्या कोर्टवर घसरायला शिकवावंच लागतं. घसरणं फटक्याच्या आधी सुरू होतं आणि फटक्याच्या वेळी संपत आलेलं असतं. फटका मारून मग घसरत गेलात तर तितकंच अंतर परत यावं लागतं. चेंडूशिवाय सुरुवात करा: तीन-चार पावलं धाव, गुडघा वाकवून पाऊल सपाट ठेव, घसर, थांब, उभा राहा. हार्ड कोर्टवर जोकोविच आणि त्याच्या आधी किम क्लायस्टर्स घसरत खेळले, ते बघून मुलं प्रयत्न करतात. मी लहान मुलांना करू देत नाही. तिथे पाय अचानक अडकतो, आणि घोटा, गुडघा, खुबा यांत पुरेशी ताकद नसेल तर इजा होते. गवतावर चेंडू खाली राहतो, म्हणून बसून, आखूड पावलांनी खेळायचं.

धावण्याचे बूट घालून टेनिस खेळू देऊ नका. ते पुढे जाण्यासाठी बनवलेले असतात, टाच उंच असते आणि बाजूने आधार नसतो. बाजूला थांबताना घोटा मुरगळतो.

लहान मुलं

लहान मुलांचं फूटवर्क बिघडतं ते बरेचदा चेंडूमुळे. नेहमीचा पिवळा चेंडू त्यांच्या डोक्यावरून उसळतो, ती मागे मागे पळतात आणि ती सवय हाडात मुरते. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२पासून १० वर्षं आणि त्याखालच्या मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा चेंडू बंद केला. लाल चेंडू सुमारे ७५ टक्के संथ आणि कोर्ट ११ मीटर लांब, नारिंगी ५० टक्के संथ आणि १८ मीटर, मग हिरवा २५ टक्के संथ आणि २३.७७ मीटरचं पूर्ण कोर्ट. पालकांना घाई असते, "माझा मुलगा मोठ्या कोर्टवर कधी जाणार?" कंबरेच्या उंचीवरचा चेंडू त्याला पुढे पाऊल टाकून मारता येईल तेव्हा, हे माझं उत्तर असतं.

सत्रात कधी आणि किती

पायांचा सराव सत्राच्या सुरुवातीला घ्या, वॉर्म-अप झाल्यावर लगेच. शेवटी, थकलेल्या मुलांना शिक्षा म्हणून कोर्टभोवती पळवणं मला मान्य नाही. थकलेला पाय चुकीची हालचाल शिकतो आणि मुलाच्या मनात फूटवर्क म्हणजे शिक्षा असं बसतं. एकेक फेरी १० सेकंदांच्या आसपास, मध्ये २०-२५ सेकंद विश्रांती. सामन्यातही दोन गुणांमध्ये २५ सेकंद मिळतात, त्यामुळे हे प्रमाण खेळाशी जुळतं.

जमिनीवर टाकायच्या शिडीचं फार कौतुक होतं. ठेका बसायला ती ठीक आहे, पाच मिनिटं करा. पण तिच्यात चेंडू नाही, समोरचा माणूस नाही, कुठे जायचं हे ठरवणं नाही. दोरीवरच्या उड्या मला जास्त आवडतात, घोट्यांना ताकद येते आणि टाच आपोआप हलकी राहते.

प्रगती मोजायला कोळ्याचा सराव (स्पायडर ड्रिल) घ्या. सिंगल्सच्या रेषेवर बेसलाइनचे दोन कोपरे, सर्व्हिस लाइनची दोन टोकं आणि तिच्या मध्यावरचा टी (जिथे मधली रेषा तिला मिळते), असे पाच चेंडू ठेवा. बेसलाइनच्या मधल्या खुणेपासून निघून एकेक चेंडू आणून खुणेपाशी ठेवलेल्या रॅकेटवर ठेवायचा. एकूण अंतर सुमारे ५५ मीटर आणि नऊ वेळा वळणं. वेळ लिहून ठेवा, पण त्याहून वळताना काय होतं ते बघा: गुडघा वाकतो की कमर?

गुडघे दुखणाऱ्या प्रौढ खेळाडूंसाठी पायांतलं अंतर थोडं कमी करा आणि स्प्लिटऐवजी दोन्ही टाचा नुसत्या उचलून टेकवणं पुरे. वेळ मात्र तीच, समोरच्याच्या फटक्याची. माझ्याकडचे बरेचसे साठीपुढचे खेळाडू असंच खेळतात आणि जोरात मारणाऱ्या तरुणांना थकवतात.

सामना बघायला जाल तेव्हा कागदाचे तीन रकाने करा: स्प्लिट उशिरा किंवा नाहीच, शेवटचं पाऊल लांब, धावत असताना समोरच्याने मारलं. हरलेला प्रत्येक गुण यांपैकी कुठे बसतो ते बघून खूण करा. समोरच्याने खरोखर चांगला फटका मारला असेल तर खूण नको. एखादा सेट झाला की एक रकाना बाकीच्या दोघांपेक्षा भरलेला दिसतो. तो कागद खेळाडूच्या हातात द्या आणि पुढच्या सत्राचा पहिला सराव त्यालाच निवडू द्या.